भाऊ दवाखान्यात यायला तयार नाही, घरी येऊन तपासणारं कोणी असतं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ 26 वर्षांचा, सहा-सात दिवस झोप नाही, रात्रभर अंगणात फेऱ्या मारतो, शेजारी आपल्यावर नजर ठेवून आहेत म्हणतो, परवा टीव्ही फोडला, आईला ढकललं, आणि दवाखान्याचं नाव काढलं की आतून कडी लावतो. तुम्ही तालुक्याच्या गावी, मानसोपचारतज्ज्ञ तिथून 60 किलोमीटर लांब जिल्ह्याला. एकजण म्हणतो पोलिसांना बोलवा, दुसरा म्हणतो अमुक सेंटरला फोन करा ते गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात, मामा म्हणतात आधी बाहेरचं बघून घ्या. आणि तुम्ही विचारताय, घरी येऊन तपासणारं सरकारी काही असतं का.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, 19 वर्षं झाली, त्यातली बरीचशी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात गेली, म्हणजे सिव्हिलमध्ये ओपीडी आणि आठवड्यातले काही दिवस ग्रामीण रुग्णालयं, पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं असं फिरणं. तुमच्यासारखा फोन आला नाही असा महिना मला आठवत नाही. म्हणून जरा मोठं उत्तर लिहिते, पण आजच्या रात्रीसाठी जे लागेल ते आधी सांगते.

घरात कोयता, विळा, कुऱ्हाड, फवारणीचं औषध, रॉकेल, आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, त्याच्या गाडीची किल्ली, हे सगळं त्याच्या लक्षात येणार नाही अशा बेताने शेजारी किंवा काकांकडे नेऊन ठेवा. गॅसची टाकी रात्री रेग्युलेटर काढून ठेवा. माणसं गोळा करू नका, हे फार महत्त्वाचं, आपल्याकडे काही झालं की अख्खी आळी दारात उभी राहते आणि ज्याला आधीच वाटतंय की सगळे आपल्या विरोधात आहेत त्याला तो पुरावाच मिळतो. बोलणारा एकच माणूस ठेवा, ज्याच्याशी त्याचं पूर्वीपासून जमतं तो, मग तो मित्र असो, वहिनी असो की लहानपणी ज्या आत्याकडे राहिला ती असो. त्याच्या आणि तुमच्यामध्ये दोन हात अंतर ठेवा, दार त्याच्यासाठीही मोकळं असू द्या आणि तुमच्यासाठीही. शेजारी नजर ठेवत नाहीत हे पटवायला जाऊ नका, कारण ते पटत नाही आणि भांडण मात्र होतं. पण हो, ठेवतायत, असंही म्हणू नका. एवढंच म्हणा की तुला झोप नाही, तू घाबरलायस, ते आम्हाला दिसतंय, आणि आम्ही इथेच आहोत. जीव द्यायचा विचार येतो का, हेही सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. फोन केला की तासाभरात मानसोपचाराची टीम दारात येते अशी व्यवस्था, जशी इंग्लंडमध्ये क्रायसिस टीमची आहे, तशी आपल्याकडे गावोगाव नाही. हे मी गोड करून सांगणार नाही कारण त्या आशेवर लोक दोन दिवस घालवतात. पण दुसरी बाजू फार कमी जणांना माहीत असते, आपल्या डॉक्टरांनासुद्धा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, लागू झाला 29 मे 2018 पासून, त्याचं कलम 94 सांगतं की इमर्जन्सी असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, मानसोपचारवालाच पाहिजे असं नाही, हॉस्पिटलमध्ये किंवा बाहेर म्हणजे अगदी घरीसुद्धा, तातडीचा उपचार देऊ शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे पेशंटच्या वतीने निर्णयात मदत करणारं माणूस, हजर असेल तर त्याची संमती घ्यायची, आणि भावाने स्वतः कोणाला नेमलं नसेल तर जवळच्या नातेवाईकाला, म्हणजे आईला किंवा तुम्हाला, तो मान मिळतो. इमर्जन्सी कशाला म्हणायचं तेही लिहिलंय, जीवाला किंवा तब्येतीला भरून न येणारा धोका, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा, किंवा आजारामुळे मालमत्तेचं मोठं नुकसान. आणि सगळ्यात कामाचं वाक्य हे की जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी नेणं हाही त्या तातडीच्या उपचाराचाच भाग धरलाय. मुदत 72 तास किंवा तिथे तपासणी होईपर्यंत, जे आधी होईल ते. या कलमाखाली शॉक ट्रीटमेंट देता येत नाही, तेवढी भीती मनातून काढून टाका.

म्हणजे तुमच्या पीएचसीचा मेडिकल ऑफिसर किंवा वर्षानुवर्षं तुमच्या घरी येणारे फॅमिली डॉक्टर हे पहिली तपासणी करू शकतात. ते म्हणतील की हे माझं काम नाही, जिल्ह्याला न्या. तेव्हा त्यांना म्हणा, डॉक्टर, वेड आहे की नाही ते ठरवू नका, फक्त नाडी, बीपी, ताप, शुगर, ऑक्सिजन एवढं बघा आणि फोनवर मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. यावर मी जरा थांबते कारण माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट चुका इथेच झालेल्या मी पाहिल्यात.

एक आजोबा, सत्तरीतले, दोन दिवसांत एकदम बडबड करायला लागले, सुनेला ओळखेनात, रात्री उठून बैल सोडायला जायचे जे बैल विकून दहा वर्षं झाली होती. घरच्यांनी लागलं वेड म्हणून एका ठिकाणी नेलं, तिथे झोपेचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस ते नुसते झोपून. आमच्याकडे आले तेव्हा रक्तातलं सोडियम धोकादायक कमी झालेलं, बीपीच्या गोळीमुळे. सोडियम हळूहळू वर आणलं आणि आजोबा पुन्हा सुनेला नावाने हाक मारायला लागले. त्यांना मानसिक आजार नव्हताच. तसंच दारूचं, रोज पिणारा माणूस अचानक थांबला की दोन-तीन दिवसांनी हात थरथरतात, घाम, भिंतीवर किडे दिसतात, ओळख राहत नाही, यात माणूस दगावू शकतो आणि त्याला सिव्हिलची कॅज्युअल्टी लागते, व्यसनमुक्ती केंद्राची खोली नव्हे. धोतऱ्याचं बी पोटात गेलं, डोक्याला मार लागला, मेंदूत ताप गेला, शुगर एकदम उतरली, दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, या सगळ्यात माणूस वेड्यासारखा वागू शकतो. ओळखायची खूण सांगते. बदल तासाभरात किंवा एक-दोन दिवसांत झालाय, ताप आहे, वेळ-जागा-माणसं ओळखू येत नाहीत, मध्येच शुद्धीवर मध्येच नाही, आणि कानात आवाज येण्यापेक्षा डोळ्यांना काहीबाही दिसतंय, असं असेल तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, मानसोपचार नंतर. आणि बाळंतीण असेल तर तर एक तासही थांबू नये, बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत झोप उडून, असंबद्ध बोलणं सुरू झालं तर तो खरा इमर्जन्सीचा आजार आहे, बाळाला तिच्यापाशी एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी दाखवायचं. उपचाराने या बायका छान बऱ्या होतात, पण सासरचे आधी देवऋषाकडे नेतात आणि मोलाचे चार दिवस जातात.

तुमच्या भावाचं लिहिलंय त्यावरून हे हळूहळू वाढत आलेलं दिसतंय, तो सगळ्यांना ओळखतो, तारीख-वार सांगतो, म्हणून शरीराचं काही असण्याची शक्यता कमी वाटते, पण तपासल्याशिवाय मी ठामपणे म्हणणार नाही, आणि गांजाचं त्याच्या मित्रांना गुपचूप विचारा.

फोन कोणाला करायचा. 14416 हा टेलिमानसचा नंबर, ऑक्टोबर 2022 ला सुरू झाला, 24 तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतो, गरज असेल तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांना जोडून देतात आणि जिल्ह्याची टीम कुठे बसते तेही सांगू शकतात. नातेवाईकांनी फोन केला तरी चालतो, पेशंटच पाहिजे असं नाही. सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची खोली विचारा, तिथे डॉक्टरांबरोबर सायकियाट्रिक सोशल वर्कर आणि नर्स असतात, आणि खरं सांगायचं तर घरी जाऊन बोलण्याचं काम सोशल वर्कर आमच्यापेक्षा चांगलं करतात. गावातल्या आशाताईंना सांगून ठेवा, त्यांच्या एका फोनने पीएचसीचा डॉक्टर हलतो हे मी कितीदा पाहिलंय. न्यायचं ठरलं तर 108, या अँब्युलन्समध्ये डॉक्टर असतो. फोनवर नुसतं "वेडा झालाय" म्हणू नका, सांगा की सात दिवस झोप नाही, खाणं-पिणं बंद होत आलंय, स्वतःला इजा करण्याचा धोका आहे, आणि सोबत दोन नातेवाईक येतील.

फोन करायच्या आधी एका कागदावर लिहून काढा, कारण घाईत निम्मं विसरतं. कधीपासून, झोप किती, शेवटचं जेवण कधी, दारू-गांजा शेवटचं कधी, पूर्वी असं झालेलं का, तेव्हा कोणत्या गोळ्या होत्या आणि कधी बंद केल्या, घराण्यात कोणाला, फिट येते का, मरणाबद्दल बोलला का, नेमके शब्द काय होते. जुनी फाईल आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं असतील तर फोटो काढून ठेवा. मला असा कागद हातात मिळाला की माझा अर्धा तास वाचतो, आणि रात्री अकराला तो अर्धा तास खूप मोठा असतो.

गाडी पाठवून उचलून नेणाऱ्यांबद्दल मी कडक बोलणार आहे. चार धिप्पाड पोरं जीपमधून येतात, हातपाय बांधतात, झोपेचं काहीतरी टोचतात, आणि माणूस जागा होतो तो दोनशे किलोमीटरवरच्या एका हॉलमध्ये, मोबाईल नाही, घरच्यांना महिनाभर भेटायचं नाही असा नियम. आधी कुठल्याही डॉक्टरने तपासलेलं नसतं. कायद्याने मानसिक आजारी माणसाला ठेवणारी प्रत्येक संस्था नोंदणी केलेली पाहिजे, साखळीने बांधणं कलम 95 खाली पूर्ण बंद आहे, आणि 2001 च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीला काय झालं ते आमच्या पिढीतला कोणी डॉक्टर विसरू शकत नाही, पहाटे आग लागली आणि साखळदंडात बांधलेली 28 माणसं तिथेच जळाली. तुमची हतबलता मला कळते, आईला ढकललंय, तुम्हाला फक्त हे थांबायला हवंय. पण असा उचलून नेलेला पेशंट दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे येतो तेव्हा आजारापेक्षा घरच्यांनी केलेला घात त्याच्या मनात जास्त बसलेला असतो आणि मग गोळी घ्यायला तो वर्षभर तयार होत नाही.

चहात, वरणात गोळी मिसळून देणं तेही नको. पेशंटला संशय असतो की आपल्या जेवणात काहीतरी घालतायत, आणि तुम्ही खरंच घालता. ज्या दिवशी त्याला कळतं त्या दिवसापासून तो घरचं जेवण बंद करतो. शिवाय मेडिकलवाल्याने अंदाजाने दिलेल्या गोळीचा डोस कोण बघणार.

पोलिसांचं. जीवावर बेतलं तर, म्हणजे हातात हत्यार आहे, कोणाला मारलंय, छपरावर चढलाय, तर 112 लावायचाच, त्यात कमीपणा मानू नका. कलम 100 प्रमाणे पोलीस अशा माणसाला संरक्षणात घेऊ शकतात, पण लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त 24 तासांत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यावंच लागतं. काही ठिकाणी अजून सांगतात, कोर्टाची ऑर्डर आणा मग बघू. ते 1987 च्या जुन्या कायद्यातलं डोक्यात बसलेलं आहे. मॅजिस्ट्रेटचा मार्ग आताही आहे, घरातल्या आजारी माणसाचे हाल होत असतील, त्याला कोंडून ठेवलं असेल तर पोलीस तसा रिपोर्ट देतात, आणि मॅजिस्ट्रेट दहा दिवसांपर्यंत तपासणीसाठी दाखल करायला सांगू शकतात, पण तुमच्या घरात आज त्याची गरज नाही. ठाण्यात जाऊन इन्स्पेक्टर साहेबांना आधीच भेटून ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, आणि विनंती करा की आलात तर साध्या कपड्यांत या, सायरन नको. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका पोराला आणायला मी स्वतः गणवेशातले तीन पोलीस आणि जीप घेऊन गेले होते. त्याचा भ्रमच होता की पोलीस आपल्याला एन्काउंटरमध्ये मारणार. तो मागच्या दाराने पळाला आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. चार तास. शेवटी त्याच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी त्याला खाली उतरवलं. तो निर्णय माझा होता आणि चुकीचा होता, त्या दिवसानंतर मी आधी विचारते की याला भीती कशाची वाटतेय, आणि मग ठरवते बरोबर कोण येणार.

घरी गेल्यावर आम्ही करतो काय, हे लोकांना माहीत नसतं म्हणून भीती वाटते. मी आधी माझं नाव सांगते, डॉक्टर आहे हेही सांगते, नातेवाईक किंवा रेशनकार्डवाली बाई बनून कधी जात नाही. पेशंट चिडतो, जा म्हणतो, मी म्हणते बरं, बाहेर ओट्यावर बसते, पाणी मिळेल का. बऱ्याचदा तोच पाणी आणून देतो. त्या पाच मिनिटांत मी बघत असते की चालतो कसा, घाम आहे का, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आहेत का, हात थरथरतो का. मग झोपेपासून सुरुवात करते, कारण झोप येत नाही हे तोही कबूल करतो, भ्रमाबद्दल पहिल्याच प्रश्नात विचारलं तर दार बंद होतं. हळूहळू भीती, आवाज, मरणाचे विचार, दुसऱ्याला मारायचे विचार. घरच्यांशी वेगळं बोलते. आणि एक गोष्ट मुद्दाम तपासते, याला उपचाराबद्दल सांगितलेलं समजतंय का, घेतला नाही तर काय होईल हे कळतंय का, आणि आपलं म्हणणं सांगता येतंय का. याला निर्णयक्षमता म्हणतात. मानसिक आजार आहे म्हणजे ती गेलीच असं धरायचं नसतं. पाऊण-एक तास जातो.

त्यातून दवाखान्यात न्यायचंच असं दरवेळी निघत नाही. धोका कमी असेल, घरात दोन सावध माणसं असतील, तो गोळी घ्यायला कबूल असेल, तर गोळ्या सुरू करून रोज फोन, तिसऱ्या दिवशी ओपीडी, असं घरूनच होतं. मी असे बरेच पेशंट घरीच सांभाळलेत. इंजेक्शन घरी द्यायचा आग्रह मात्र डॉक्टरांना करू नका. हॅलोपेरिडॉलसारख्या इंजेक्शननंतर तरुण पोरांची मान वाकडी होते, डोळे वर चढतात, दिसायला भयंकर, फिनरगन नावाच्या औषधाने लगेच उतरतं पण ते हाताशी पाहिजे. लोराझेपाम-मिडाझोलाम या झोप आणणाऱ्या औषधांनी श्वास मंद होऊ शकतो. म्हणून इंजेक्शन दिलं की बीपी आणि श्वास बघणारं माणूस शेजारी हवं, आणि मग दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला कुशीवर झोपवायचं, पालथं दाबून धरायचं नाही.

ॲडमिट करायचं ठरलं आणि त्याची क्षमता त्या वेळी नसेल तर तुमच्या अर्जावर कलम 89 खाली दाखल करता येतं, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक असे दोघं स्वतंत्रपणे तपासतात, मुदत जास्तीत जास्त 30 दिवस. बरं वाटलं की आधीही सुट्टी मिळते. आता बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराचे बेड आहेत, तिथे आधी विचारा. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, तिथपर्यंत जायची वेळ सगळ्यांवर येत नाही. गोव्यात कोणी असेल तर बांबोळीचं आयपीएचबी, म्हणजे तिथलं सरकारी मनोरुग्णालय. आणि समजा त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तर केस होईल या भीतीने दवाखाना टाळू नका, कलम 115 म्हणतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. फवारणीचं औषध प्यायला असेल तर उलटी काढायला मीठ-पाणी पाजू नका, बाटली बरोबर घ्या आणि पळा.

गाडीत बसवताना "मामाकडे जाऊन येऊ" असं खोटं सांगू नका. मला माहितीये हे अवघड आहे, त्या क्षणी खोटं सोपं वाटतं. तुम्ही म्हणा, आपण दवाखान्यात चाललोय, तुला झोप लागावी म्हणून, मी तिथे तुझ्याजवळ थांबणार आहे. आणि थांबा. मामांनाही दुखवू नका, त्यांना म्हणा तुमचा अंगारा लावू, हरकत नाही, पण गाडी आजच निघणार. मामा बरोबर आले तर गाडीत एक भक्कम माणूस वाढतो, मी अशा कितीतरी मामांना बरोबर घेऊन गेलेय.

शेवटी तुम्ही लिहिलंय की तो मला कधी माफ करेल का. तीन-चार आठवड्यांनी झोप बसली, डोकं शांत झालं की त्याच्याशी बसून त्या रात्रीबद्दल बोला, तुम्ही काय पाहिलंत ते सांगा, त्याला काय वाटत होतं ते ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. मग त्याला विचारा की पुन्हा असं झालं तर तुला कोणी हात लावलेला चालेल, कोणत्या दवाखान्यात न्यायचं, कोणतं औषध नको, निर्णय कोणी घ्यायचा. कायद्यात याला आगाऊ निर्देश म्हणतात, कलम 5, आणि प्रतिनिधी म्हणून त्याला तुमचं नाव लिहावंसं वाटलं तर तेही तिथेच होतं. दोघांनी मिळून लिहा, सह्या करा, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे नोंदवायचं कसं ते सिव्हिलच्या सोशल वर्करना विचारा. एक प्रत त्याच्याकडे, एक तुमच्याकडे, आणि एक ओपीडीच्या फाईलमध्ये अगदी पहिल्या पानावर लावायला सांगा.